आईसाठी रेकॉर्डिंग

वैशालीने रिमोटचं बटण दाबलं आणि ‘कारखानीस आणि मंडळी’चं शीर्षकगीत हॉलभर दणकून वाजलं. इतकं स्वच्छ, इतकं खणखणीत, की तिने घाईघाईने आवाज कमी केला आणि मग, आपलंच काही चुकलं की काय असं वाटून, पुन्हा वाढवला.

चित्र तेच होतं. वाशीच्या जुन्या घरातल्या टीव्हीचा फुगीर पडदा, त्यावर वरून खाली सरकत जाणारी काळी पट्टी, टीव्हीवर अंथरलेल्या क्रोशाच्या रुमालाचं पुढे लोंबणारं टोक. रुमाल तिनेच विणलेला. पडद्याच्या आत कारखानिसांचं भलंमोठं कुटुंब जेवायला बसलं होतं आणि धाकट्या सुनेने आमटीत दोनदा मीठ घातल्यावरून रामायण चाललं होतं. हे सगळं बरोबर होतं. पण पंख्याची घरघर नव्हती. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी नव्हती. खुर्ची सरकल्याचा, भांडं पडल्याचा, कोणी साधं खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. घराला कुलूप लावून सगळे गावी गेल्यासारखं वाटत होतं. तिने पुढचा भाग लावला, मग त्याच्या पुढचा. तिन्हीकडे तेच.

“लागलं का गं?” सुभाषने स्वयंपाकघरातून विचारलं.

“लागलं.”

“मग?”

“आवाज नाही.”

“मला इथवर ऐकू येतोय की.”

“सिरियलचा येतोय. घरातला नाही.”

आत ओटा पुसायचं फडकं एकाच जागी बराच वेळ फिरत राहिलं.

तो कॅमेरा वैशालीच्या भावाने मस्कतहून आणला होता. स्वानंद तेव्हा दुसरीत होता. व्हीसीआर घ्यायची ऐपत नव्हती आणि कॅमेरा तर आयता हातात पडलेला, तेव्हा सुभाषने आपली अक्कल लढवली. मालिका मंगळवारी संध्याकाळी साडेआठला लागायची आणि त्या वेळी वैशाली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, अख्ख्या मुंबईला नंबर सांगत बसलेली असायची. आठवड्यातून एवढी एकच मालिका तिला बघायची असायची आणि नेमकी तीच हुकायची. म्हणून सुभाष टीव्हीसमोर स्टूल मांडायचा, त्यावर दोन जाड पुस्तकं, पुस्तकांवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं तोंड टीव्हीकडे करून मालिकेचं चक्क शूटिंग करायचा. असं कोणी करत नसतं हे त्याला ऑफिसात चारचौघांनी हसून हसून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. कधी कोणाचं ऐकलंय त्याने? बुधवारी सकाळी घर रिकामं झालं की वैशाली कॅमेरा टीव्हीला जोडून, चहाचा कप घेऊन तो भाग बघायची आणि दुपारी कामावर जाताना तिचा चेहरा जरा हसरा असायचा. सुभाषला तेवढं पुरे होतं.

अशी मालिका रेकॉर्ड व्हायची आणि तिच्याबरोबर घरही रेकॉर्ड व्हायचं. आता तिला ते घर हवं होतं. खरं म्हणजे घरही नको. त्या घरातला एक आवाज हवा होता.

स्वानंद गेल्या वर्षी मार्चमध्ये गेला. शुक्रवारी पुण्याहून गाडीने निघाला आणि कळंबोलीपर्यंत पोचलासुद्धा. कळंबोली आली की घर आलं, असं ते तिघंही म्हणायचे. तिथून नेरुळ ते काय. रस्त्याच्या कडेला एक ट्रक बंद पडून उभा होता, त्याचे मागचे दिवे लागलेले नव्हते. बस्स, एवढंच. चौतिशीचा मुलगा, एवढ्याशा गोष्टीवर.

त्याचा मोठेपणीचा आवाज वैशालीच्या फोनमध्ये होता. शेवटचा निरोप तर त्याच दिवसाचा: “आई, निघालो गं. जेवायला थांबा, येतोच.” तो तिने एकदा ऐकला आणि मग पुन्हा ऐकवला नाही. त्याच्या आधीचे निरोपही तिला ऐकवत नव्हते, कारण बोलणाऱ्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं आणि ऐकणारीला सगळं ठाऊक होतं. तिला त्या रस्त्यापासून खूप खूप लांबचा आवाज हवा होता. दुधाचे दात पडलेला, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजवणारा. लहानपणच्या कॅसेट होत्या, नव्हत्या असं नाही. पण वाढदिवसाच्या आणि मुंजीच्या कॅसेट सुभाषने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हौसेने मिक्सिंगला दिल्या होत्या आणि व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्यावर गाणी चढवली होती. स्वानंद भिक्षावळीत तोंड हलवत होता आणि वाजत होती बासरी.

राहता राहिल्या मालिकेच्या कॅसेट. त्या माळ्यावरून काढायच्या म्हटल्यावर सुभाष म्हणाला होता, “त्यात काय आहे? सिरियलच आहे नुसती.” हे तो दोनदा म्हणाला. पण स्टुलावर चढून काढून दिल्या त्यानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वैशाली बस पकडून बोनकोड्याला गेली. तिथे गावठाणात, ‘नामा निवास’ नावाच्या चार मजली इमारतीच्या तळाला, रूपेशचं दुकान होतं. इमारत त्याच्या आजोबांच्या नावाची. आधी तो लग्नांचं शूटिंग करायचा, आता हळदीला मोठे पडदे भाड्याने देत होता. पण जुन्या कॅसेट चालवणारं यंत्र त्याच्याकडे अजून शाबूत होतं. वैशाली दिसताच तो हसत उठला.

“या काकू. कशी झाली? एकदम क्लिन ना?”

“मागचा आवाज कुठे गेला रे?”

“कंचा?”

“घरातला. पंख्याचा, माणसांचा.”

“तो काढला ना,” रूपेश म्हणाला. “जाम डिस्टर्ब होता, काकू. कोन भांडी वाजवतंय, कोन मधीच शू करतंय. मी बोललो, काकूंना एवढी जुनी सिरियल बघायचीय तर नीट बघू दे. ते सगळे एपिसोड नेटवर हायत. त्यांचा आवाज उचलला न् तुमच्या पिक्चरवर बसवला. मापात बसवायला दोन रात्री गेल्या. पन टेन्शन नका घेऊ, त्याचं मी काय लावनार नाय तुमाला.”

त्याचा चेहरा इतका खुश होता की वैशालीच्या तोंडून “बरं केलंस” असं निघून गेलं. ती वळलीसुद्धा. चूक त्याची नव्हतीच. कॅसेट देताना ती “जुनी सिरियल आहे, पेनड्राइव्हवर घेऊन दे” एवढंच म्हणाली होती. खरं सांगायला गेलं की परक्यासमोर रडू फुटतं, हा तिचा वर्षभराचा अनुभव होता, आणि तिला त्याची लाज वाटायची. पायरीपर्यंत जाऊन ती परत आली.

“रूपेश, मला सिरियल नको होती रे,” ती म्हणाली. “रेकॉर्डिंग चालू असायचं तेव्हा माझा मुलगा त्या खोलीत असायचा. सात वर्षांचा होता. तो आता नाहीये. त्याचा आवाज असेल म्हणून दिल्या होत्या कॅसेट.”

भिंतीवरच्या पडद्यावर कोणाच्या तरी हळदीचा नाच चालला होता. रूपेशने आधी तो बंद केला. मग खुर्चीवरचं वायरींचं भेंडोळं उचलून खाली ठेवलं.

“बसा काकू,” तो म्हणाला. “ओरिजिनल हाय. मी डिलीट नाय केला.”

फायली उतरून होईपर्यंत ती त्या खुर्चीवर बसून राहिली. शेजारच्या घरातून सुकट भाजल्याचा वास येत होता. पेनड्राइव्ह तिच्या हातात देताना रूपेश म्हणाला, “एक कॅसेट राहिलीय. गान्याची हाय ना एक, तिला बुरशी धरलीय. साफ करून बघतो. दोन-तीन दिवस द्या.”

“गाण्याची कुठली?”

त्याने ड्रॉवरमधून कॅसेट काढून दाखवली. डबीवर स्केचपेनने, सुभाषच्या अक्षरात, ‘दिवाळी मैफल’ असं लिहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये तिला ती दिवाळी आठवली. ऐन दिवाळीच्या संध्याकाळी ड्यूटी लागली होती आणि त्याच संध्याकाळी तिच्या आवडत्या गायिकेची अख्खी मैफल टीव्हीवर होती. सकाळी फराळाचं ताट वाढतानासुद्धा ती धुसफुसत होती. सुभाषने मैफल रेकॉर्ड करून ठेवली, आणि तिने ती कधीही बघितली नाही. दीड तासाची मैफल. नोकरी करणाऱ्या बाईला सलग दीड तास कुठून मिळायचा? रविवारी बघू, सुट्टीत बघू, असं म्हणता म्हणता राहिलीच. स्वानंद मात्र तेव्हा रोज पिच्छा पुरवायचा. “आई, मैफल बघितलीस?” एके दिवशी कणीक मळता मळता तिने “हो, बघितली,” म्हणून टाकलं. “शेवटपर्यंत?” “हो रे राजा, शेवटपर्यंत.” त्याने तिच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं आणि तो खाली खेळायला गेला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. सुटले एकदाची, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने पेनड्राइव्ह लावला. आणि घर आलं. पंखा घरघरला. कुकरची शिट्टी झाली. ‘कारखानीस’चं गाणं डब्यात तोंड घालून म्हटल्यासारखं लांबून येऊ लागलं आणि वैशालीला ते इतकं ओळखीचं वाटलं की ती सोफ्यावरून उठून थेट टीव्हीपुढे जमिनीवर बसली. गुडघे दुखतात, खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मालिकेत मोठे कारखानीस पेपर वाचत होते. खोलीत कुठेतरी लहान पावलं वाजली. थांबली. आणि मग अगदी स्पष्ट, “बाबा, हा का...”

“शूऽऽ.”

पावलं निघून गेली.

वैशालीने ते पुन्हा लावलं. ‘बाबा, हा का’. कोण? कारखानीस? का कासव, का कागद, का काय? पुढचा शब्द सुभाषच्या शूमध्ये बुडाला होता. ती पुढे गेली. पुढच्या भागात काहीतरी पडलं, स्वानंद खुदकन हसला, आणि लगेच “शूऽऽ.” त्याच्या पुढच्या भागात नुसतं “ब...” आणि “शू.” एका भागात तर मुलाने तोंडही उघडलं नव्हतं, नुसता श्वास आत घेतला होता, बोलायच्या आधी घेतात तसा, आणि तेवढ्यावरच चुटकी वाजली. दुपारभर ती भागामागून भाग बघत गेली. इतक्या मंगळवारांमध्ये तिच्या लेकाचं एक वाक्य पुरं झालेलं नव्हतं.

“इकडे या जरा,” तिने हाक मारली.

सुभाष वाळलेले कपडे घडी करत होता. हातातला टॉवेल तसाच घेऊन तो दारात येऊन उभा राहिला. तिने पहिला भाग मागे नेऊन लावला. ‘बाबा, हा का... शूऽऽ.’ मग पुन्हा लावला. सुभाष टीव्हीकडे बघत नव्हता, टॉवेलच्या काठाकडे बघत होता.

“एकदा तरी बोलू द्यायचं होतंत त्याला,” ती म्हणाली.

त्याने टॉवेलचा काठ बोटांनी सरळ केला.

“सिरियल काय, कुठेही मिळते. त्या रूपेशच्या फोनमध्ये पडलीय. त्याचं बोलणं मी आता कुठून आणू? एवढंसं पोर, कौतुकाने काही सांगायला यायचं, आणि तुमचं आपलं शू. दर वेळेला शू. असला कसला मेला बाप.”

शेवटचं वाक्य निसटून गेलं, पण तिला ते परत घ्यावंसं वाटलं नाही. राग आला होता आणि तो खरा होता. वर्षभर कोणावर रागवावं हेच कळत नव्हतं. आता निदान माणूस सापडला होता.

सुभाषचे ओठ हलले. काहीतरी अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मग त्याने टॉवेलची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली.

“हो,” तो म्हणाला. “द्यायला हवं होतं.”

आणि चपला घालून खाली निघून गेला. गॅलरीतून तिला तो दिसला. सोसायटीच्या बागेत, भर उन्हात, बाकावर बसला होता.

पुढचे दोन-तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. गोळी घेतलीत का. दूध उतू जातंय. लाइटवाला येऊन गेला. रात्री सुभाष दुसऱ्या खोलीत झोपायला गेला नाही, पण भिंतीकडे तोंड करून झोपला. तो जागा आहे हे तिला कळत होतं.

रूपेश फोन न करताच घरी आला. मोटरसायकलवरून, डोक्याला घाम, हातात छोटं पाकीट. चहा घेतो का म्हटलं तर नको म्हणाला, पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायला.

“साफ झाली कॅसेट,” तो म्हणाला. “आवाजाला हात लावला नाय मी. जसा हाय तसा हाय.”

“किती झाले?”

“ते नंतर बघू.” तो जिन्याकडे वळला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. “काकू, ही शेवटपर्यंत बघा.”

सुभाष चहा टाकायला आत गेला होता. वैशालीने पेनड्राइव्ह लावला आणि या वेळी सोफ्यावरच बसली. तिने फार आशा ठेवली नव्हती. मैफल म्हटल्यावर तर घरात आणखीच कडक शिस्त असणार.

फुगीर पडद्यावर हिरव्या साडीतल्या गायिकाबाई तंबोरे जुळवत होत्या. काळी पट्टी त्यांच्या तोंडावरून सरकून गेली. बाहेर लवंगीची माळ फुटली. मग सुभाषचा आवाज आला, तरणा, घाईतला.

“मी खाली कंदील लावून येतो. तू इथेच बस कॅमेऱ्यापाशी. हात लावायचा नाही. कळलं?”

त्याने नुसती मान हलवली असेल. कडी वाजली. खोलीत तंबोरा तेवढा राहिला.

नाही, तंबोरा तेवढाच नव्हता. वैशालीने आवाज वाढवला. तंबोऱ्याच्या अलीकडे, अगदी कॅमेऱ्याला चिकटून, कोणीतरी श्वास घेत होतं. चोंदलेल्या नाकाचा श्वास, आत जाताना बारीक शिट्टीसारखा. थंडी सुरू झाली की स्वानंदचं नाक चोंदायचं, होळीपर्यंत सुटायचं नाही. किती वाफारे दिले, किती ओवा हुंगवला. गायिकांनी आलापी सुरू केली आणि तो श्वास त्या आलापीच्या बाजूने चालत राहिला. वैशाली उठली आणि टीव्हीपुढे खाली बसली.

कितीतरी वेळाने कडी पुन्हा वाजली.

“लागला बघ कंदील!” सुभाष मोठ्याने म्हणाला. “चल, तुला चकली देऊ का? आई रात्री आली की...”

“शूऽऽ!”

ही शू लहान होती. दात पडलेल्या फटीतून आलेली.

“बाबा, बोलू नका ना. आपण बोललो की आईला ऐकू येत नाही.”

“बरं बरं,” सुभाष कुजबुजला.

“मग ती रडते. त्या दिवशी रडली ना ती. म्हणाली, मी आठवड्यातून एकच गोष्ट मागते, तेवढा अर्धा तास गप्प बसता येत नाही का तुम्हाला.”

“हळू बोल, राजा.”

“हळूच बोलतोय. म्हणून आपण बोलायचं नाही. तुम्हीच सांगितलंत ना?”

“हो. नाही बोलत आता.”

मग पुन्हा तंबोरा, आणि श्वास.

वैशालीला ती सकाळ लख्ख आठवली. कशाची तरी सुट्टी होती, तिघंही घरात होते आणि पहिल्या महिन्याची कॅसेट लावली होती. कारखानिसांचं एक वाक्य धड ऐकू येत नव्हतं, कारण त्यांच्यावरून बापलेकांची अखंड टकळी चालली होती. बाबा, ते आजोबा खोटं खोटं झोपलेत ना? बाबा, ही काकू दुष्ट आहे का? बाबा, आईने जेवण नेलंय का? आदल्या दिवशी एक्स्चेंजमध्ये कोणाच्या तरी शिव्या खाऊन आलेली ती, टीव्ही बंद करून हमसून हमसून रडली होती. आणि पुढच्या मंगळवारपासून सुभाषने त्याच कॅसेटवर नवे भाग घेतले. टकळी पुसली गेली. त्यानंतर घर गप्प झालं ते झालंच. कॅसेट छान येतेय आता, असं तिनेच सुभाषला सांगितलं होतं. खुशीत येऊन सांगितलं होतं.

तिने वळून पाहिलं. सुभाष दारात उभा होता, दोन्ही हातांत कप. किती वेळ उभा होता कोण जाणे. चहावर साय धरली होती.

“तुम्हाला आठवत होतं,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“बोलून काय झालं असतं?” सुभाष म्हणाला. “तुला आणखी एक दुःख झालं असतं.”

तिने सोफ्यावरची उशी ओढून आपल्या शेजारी जमिनीवर ठेवली. तो कप ठेवून, गुडघ्यांवर हात देत, हळूहळू खाली बसला. तिला त्याच्या दंडाला हात लावायचा होता, माफी मागायची होती, पण टीव्हीत गाणं चाललं होतं आणि बोलायचं नाही असं स्वानंदने सांगितलं होतं. म्हणून ती नुसती त्याला टेकून बसली.

मध्येच दारावरची बेल वाजली. कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने बेल वाजवणारा निघून गेला. कॅसेटमधला श्वास मंद होत गेला; झोप येत असणार त्याला, पण तो जागेवरून हलला नव्हता. भैरवी झाली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या कडकडाटाच्या अलीकडे दोन छोटे तळहात एकमेकांवर आपटले, बराच वेळ, एकटेच. टाळ्या विरल्या. गायिकांनी हात जोडले. मग काहीतरी खरखरलं, कॅमेरा हलला, चित्र तिरकं झालं. स्वानंदने तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं होतं.

“आई,” तो म्हणाला. “आई, संपलं. आता तू बोललीस तरी चालेल.”

आणि तो थांबला. कॅमेरा बंद न करता, नुसता श्वास घेत, थांबून राहिला. रोज रात्री एक्स्चेंजमधून तिचा फोन यायचा तेव्हा रिसीव्हर कानाला लावून असाच थांबायचा, पलीकडून ती बोलेपर्यंत. सुभाषने वैशालीचा हात घट्ट धरला. तिने तोंड उघडलं. पोरगं वाट बघत होतं. मग खट् असा आवाज झाला आणि पडदा निळा झाला.

“बघितली रे,” वैशाली निळ्या पडद्याला म्हणाली. “शेवटपर्यंत बघितली.”